फोटोची इस्लाह

रमजानमध्ये तरावीहनंतर मुंबईच्या मोहम्मद अली रोडवर, मिनारा मशिदीच्या आसपास पाय ठेवायला जागा नसते. मालपुवा, फिरनी, नल्ली-निहारी आणि सीख कबाब खायला आलेल्या या गर्दीत अलीकडे आणखी एक वर्ग हमखास दिसतो. गळ्यात कॅमेरा अडकवलेले किंवा मोबाइल घेऊन फिरणारे हौशी फोटोग्राफर. कोणी बँकेत नोकरीला असतो, कोणी इंजिनीअरिंगला, कोणी घरसंसार सांभाळून हा छंद जपणारी गृहिणी असते. पाच-दहा जण मिळून येतात, दोन-तीन तास गल्ल्यांतून हिंडतात आणि मग एखाद्या हॉटेलात चहा घेत एकमेकांचे फोटो बघतात. कोणाचा चांगला आला, कोणाचा फसला, का फसला, यावर बोलतात. त्यांच्यात आता आपल्या घरांतली मुले-मुलीही आहेत.

म्हणजे कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना आज आपण आहोत. फोटो काढणारेही आपले आणि ज्यांचे फोटो निघतात तेही आपले. म्हणून हा छंद नीट समजून घेण्याची गरज वाटते.

त्या रात्रीचे फोटो पाहिले की एक गोष्ट लक्षात येते. शंभरातले बरेचसे एकसारखे असतात. शेगडीचा धूर आणि त्यामागे टोपी घातलेला कबाबवाला. रोषणाईखालून जाणारा काळा बुरखा. गच्चीवरून टिपलेली सजद्यातल्या नमाजींची रांग. यातले खोटे काहीच नाही. पण त्या गल्लीत दुकानाचा हिशेब लिहिणारा मुनीम असतो, दुसऱ्या दिवशी परीक्षा असलेला आणि पायरीवर बसून पुस्तक वाचणारा मुलगा असतो, दवाखान्याच्या रांगेत उभी असलेली दादी असते. ते फोटोत येत नाहीत. टोपी, बुरखा आणि धूर एवढ्यातच मोहल्ला संपतो आणि बाहेरचा माणूस आपल्याला तेवढाच ओळखतो.

हे त्या फोटोग्राफरला कोण सांगणार? ‘वाह’, ‘माशाअल्लाह’, ‘क्या बात है’ एवढीच दाद मिळत राहिली तर तो पुढच्या वर्षी पुन्हा धूर आणि टोपीच टिपेल. त्याला सांगणारा कोणीतरी हवा, आणि त्याची सांगण्याची पद्धतही चांगली हवी. आपल्याकडे शायरीत या कामाला सुंदर शब्द आहे, इस्लाह. सुधारणा. शागिर्दाने गझल उस्तादाला दाखवायची आणि उस्तादाने शब्द बदलून, मिसरा दुरुस्त करून ती परत द्यायची. फोटोलाही अशी इस्लाह लागते.

परंपरा जुनीच आहे

फोटोग्राफीचा शोध जगासमोर जाहीर झाला १८३९ साली. त्यानंतर पंधरा वर्षांतच, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ स्थापन झाली. इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर काही हिंदी माणसेही तिच्यात होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक. पेशाने डॉक्टर आणि हौसेने फोटोग्राफर. सभासदांनी आपली छायाचित्रे आणायची, इतरांना दाखवायची आणि रसायने, काचा, प्रकाश यांविषयी चर्चा करायची, अशी त्या काळातल्या सोसायट्यांची रीत होती.

पुढे जगभर कॅमेरा क्लब निघाले. ब्रिटनमध्ये तर डाकेने फिरणाऱ्या पेट्यांची पद्धत होती. एका सभासदाने आपला फोटो पेटीत ठेवायचा, पेटी दुसऱ्या गावच्या सभासदाकडे जायची, तो त्यावर आपले मत लिहून पुढे पाठवायचा. पेटी फिरून मूळ मालकाकडे आली की त्याच्या हातात आठ-दहा जणांची मते असायची.

हे वाचताना उर्दूच्या विद्यार्थ्याला दाग़ देहलवी आणि अल्लामा इक्बाल आठवल्याशिवाय राहणार नाहीत. तरुण इक्बाल आपल्या गझला डाकेनेच दाग़ यांच्याकडे इस्लाहसाठी पाठवत. थोड्याच काळात दाग़ यांनी कळवले की, तुमच्या कलामात दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही. त्यावर दोघांनाही अभिमान होता. एक शेराचा मामला, दुसरा फोटोचा. पण आपले काम दुसऱ्याच्या नजरेखालून घालण्याची तयारी दोन्हीकडे तीच.

आपल्या देशातल्या हौशी आणि कलात्मक फोटोग्राफीच्या इतिहासात पालनपूरच्या ए. एल. सय्यद (१९०४-१९९१) यांचे नाव आदराने घेतले जाते. साधी माणसे, त्यांचे रोजचे जगणे आणि त्यावर पडलेला प्रकाश हे त्यांच्या फोटोंचे विषय. आपल्या मुलांना हे नाव माहीत असायला हवे.

याउलट उदाहरण अमेरिकेतल्या शिकागोच्या व्हिव्हियन मायर यांचे. लोकांच्या घरी मुले सांभाळण्याचे काम करत त्यांनी आयुष्यभर रस्त्यावरचे एक लाखाहून जास्त फोटो काढले आणि ते जवळजवळ कोणालाच दाखवले नाहीत. २००७ मध्ये त्यांच्या पेट्या लिलावात निघाल्या, तेव्हा ते काम लोकांसमोर आले. २००९ मध्ये त्या वारल्या. फोटो अप्रतिम आहेत. पण असे कोणाशीही न बोलता शिकणे लाखात एखाद्यालाच जमते. बाकीच्यांना सोबत लागते.

एका बैठकीत काय चालते

मालेगावात यंत्रमागांना शुक्रवारी सुटी असते. त्या दिवशी असरनंतर एका स्नेह्यांच्या दुकानामागच्या खोलीत सात-आठ हौशी मंडळी महिन्यातून एकदा बसतात. त्यांत एक औषध दुकानदार आहेत, एक मोबाइल दुरुस्त करणारा तरुण, दोन कॉलेजकुमार, एक निवृत्त ड्रॉइंग मास्तर आणि आम्ही दोघी शिक्षिका. बैठकीला नाव नाही, फी नाही. नियम मात्र आहेत आणि ते मास्तरांनी घालून दिलेले आहेत.

पहिला नियम असा की, प्रत्येकाने एकच फोटो आणायचा, आणि तोही कागदावर छापून. मोबाइलवर पन्नास फोटो सरकवत दाखवायला मनाई. पन्नासातून एक निवडताना माणूस स्वतःच अर्धी इस्लाह करतो, असे मास्तर म्हणतात.

दुसरा नियम, ज्याचा फोटो आहे त्याने सुरुवातीला गप्प बसायचे. ‘त्याचं काय झालं, पाऊस आला होता’ वगैरे सांगायचे नाही. फोटो बघणाऱ्याला पाऊस दिसला नाही, तर तो फोटोत आलेलाच नाही.

तिसरा नियम, बोलणाऱ्याने आधी दिसते ते सांगायचे, मग आवडले ते, मग खटकले ते आणि शेवटी उपाय. उपाय सुचत नसेल तर दोष काढायचा नाही.

चौथा नियम सर्वांत महत्त्वाचा. बोलायचे ते फोटोबद्दल, फोटोग्राफरबद्दल नाही. ‘तुला जमत नाही’ असे म्हणायचे नाही, ‘इथे हात कापला गेलाय’ असे म्हणायचे. कोणाची टर उडवू नका, एकमेकांना वाईट नावे ठेवू नका, पाठीमागे निंदा करू नका, ही सूरह हुजुरातची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. ती अशा खोलीत खरी पारखली जाते. हदीसमध्ये मोमिनला मोमिनच्या आरशाची उपमा दिली आहे. आरसा डाग दाखवतो, पण ओरडून गल्लीला सांगत नाही.

हमखास निघणाऱ्या चुका

अशा बैठकांत काही दोष पुन्हा पुन्हा निघतात. घरात फोटो काढणाऱ्या कोणालाही ते उपयोगी पडतील.

पार्श्वभूमी. आपण चेहऱ्याकडे बघत असतो आणि मागचा विजेचा खांब डोक्यातून उगवल्यासारखा येतो. एक पाऊल डावीकडे किंवा उजवीकडे सरकले की खांब जातो. बटण दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून एकदा नजर फिरवायची.

प्रकाश. दुपारी बाराच्या उन्हात डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. सकाळी लवकर आणि असर ते मगरिबच्या वेळी ऊन तिरपे आणि मऊ असते. घरात फोटो काढायचा तर ट्यूबलाइट बंद करून माणसाला खिडकीशेजारी बसवावे, तोंड अर्धे खिडकीकडे. एवढ्यानेच निम्मे काम होते.

डोळे. पोर्ट्रेटमध्ये, म्हणजे व्यक्तिचित्रात, कॅमेऱ्याजवळचा डोळा स्पष्ट हवा. कान स्पष्ट आणि डोळा धूसर असेल तर बघणाऱ्याची नजर ठरत नाही. डोळ्यात प्रकाशाचा लहानसा ठिपका आला तर चेहरा जिवंत वाटतो.

अंतर. मोबाइल चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दोन पावले मागे जाऊन मग दुप्पट झूम घ्यावा. चेहरा आहे तसा येतो.

पांढरे आणि काळे. हा दोष आपल्याकडे जास्त येतो. कॅमेरा समोरच्या दृश्याला सरासरी करड्या रंगाचे समजून प्रकाश ठरवतो. त्यामुळे ईदगाहवर सगळीकडे पांढरे कुर्ते असले की फोटो मळकट, करडा येतो. तिथे उजेड थोडा वाढवावा लागतो. आणि चौकटीत बहुतेक काळा बुरखाच असला की कॅमेरा उजेड वाढवतो आणि काळा रंग फिका पडतो. तिथे थोडा कमी करावा. मोबाइलच्या पडद्यावर बोट ठेवून वर-खाली सरकवले की हे करता येते.

कापलेले हात-पाय. मनगट, कोपर, गुडघा, घोटा अशा सांध्यांवर चौकट संपवू नये. माणूस तुटल्यासारखा दिसतो.

गोरे करणारे फिल्टर. बैठकीत यावर मास्तर कडक आहेत. उन्हात राबणाऱ्या माणसाची त्वचा गुळगुळीत आणि गोरी करून टाकली तर त्याची वीस वर्षे पुसली जातात. आणि आपल्या मुलींना नकळत आपण सांगत असतो की, तू आहेस तशी चालणार नाहीस.

नाव काय त्याचे?

एका बैठकीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या तरुणाने एक फोटो आणला. रात्रपाळीत लूमजवळ उभ्या असलेल्या मजुराचा चेहरा. दाढीवर, भुवयांवर, पापण्यांवर कापसाचे तंतू चिकटलेले. डोळे थेट बघणाऱ्याकडे. खोलीत क्षणभर कोणी बोलले नाही.

मग इस्लाह सुरू झाली. एकाने सांगितले, डोळे फार सुंदर आले आहेत. दुसऱ्याने दाखवले की मागच्या ट्यूबचा पांढरा पट्टा कानाजवळ येतो आणि नजर तिकडे ओढली जाते. तिसरी म्हणाली, हात चौकटीबाहेर राहिले. तुटलेला धागा जोडणारे हात हीच तर या माणसाची ओळख आहे. सगळ्यांना ते पटले.

शेवटी मास्तरांनी विचारले, ‘बेटा, नाम क्या है इनका?’

तरुणाला माहीत नव्हते. लूमच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नाही, तिथे सगळा कारभार खुणांनीच चालतो. त्याने कॅमेरा दाखवून खूण केली, मजुराने मान हलवली, फोटो निघाला. मास्तर एवढेच म्हणाले की, आधी नाव विचारून ये, फोटोची एक प्रत देऊन ये, मग पुढचे बघू. त्या दिवसांत एका छायाचित्र प्रदर्शनासाठी फोटो मागवले जात होते आणि हा फोटो नक्की निवडला जाईल असे सगळ्यांनाच वाटत होते.

पुढच्या महिन्यात तरुण आला तो हकिकत घेऊन. मजुराला फोटो आवडला होता. घरी मुलीला दाखवतो म्हणाला. पण प्रदर्शनात लावू नको, अशी त्याने विनंती केली. चेहऱ्यावरचा कापूस बघून लोक कारखान्याबद्दल बोलतील, सेठला वाटेल मीच तक्रार केली, आणि उद्या काम गेले तर? एका फोटोपायी घराची रोजी धोक्यात घालायला तो तयार नव्हता.

बैठकीत बराच वाद झाला. एक कॉलेजकुमार म्हणाला, अशाने मजुरांचे हाल जगाला कधीच कळणार नाहीत. म्हणणे चुकीचे नव्हते. दुसऱ्याने सुचवले की शहराचे नाव न देता लावू. तोही मार्ग कोणाला पटेना, कारण चेहरा तर दिसणारच. मास्तरांनी सांगितले, हाल जगाला सांगायचे असतील तर किंमत आपण मोजावी, ती त्याच्यावर टाकू नये.

मग कोणाला तरी पहिल्या बैठकीतले हातांचे बोलणे आठवले. तरुण पुन्हा कारखान्यात गेला. या वेळी त्याने फक्त हात टिपले. तुटलेला धागा दोन बोटांत धरून गाठ मारणारे हात, नखांत काळे तेल, बाजूला कांड्यांची टोपली. मजुराने तो फोटो बघून स्वतःच ‘ये चलेगा’ म्हटले. प्रदर्शनाला तोच गेला. चेहऱ्याचा फोटो आज त्या मजुराच्या घरात भिंतीवर आहे.

पहिल्या दिवशी जी सूचना निव्वळ रचनेची वाटली होती, तीच शेवटी एका माणसाची रोजी सांभाळून फोटो दाखवण्याचा मार्ग ठरली. हौशी मंडळींनी एकत्र बसण्याचा हा फायदा. एकट्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी एकदम येत नाहीत.

हिरव्या डोळ्यांची मुलगी

हा प्रश्न हौशी लोकांपुरता नाही. जगातल्या सर्वांत गाजलेल्या व्यक्तिचित्रांपैकी एक एका मुस्लिम मुलीचे आहे. डिसेंबर १९८४ मध्ये अमेरिकन फोटोग्राफर स्टीव्ह मॅकरी यांनी पेशावरजवळच्या नासिर बाग छावणीत एका अफगाण निर्वासित मुलीचा फोटो काढला. ती छावणीतल्या शाळेच्या तंबूत होती. जून १९८५ मध्ये तो ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या मुखपृष्ठावर आला. लाल ओढणी, हिरवे डोळे. जगभर भिंतींवर लागला.

फोटोच्या कसोट्यांवर तो पूर्ण उतरतो. डोळे स्पष्ट, पार्श्वभूमी शांत, लाल आणि हिरव्याचा मेळ अचूक. पण त्या मुलीचे नाव कोणी लिहून घेतले नव्हते. सतरा वर्षे ती फक्त ‘अफगाण मुलगी’ होती. २००२ मध्ये शोध घेतल्यावर ती सापडली. नाव शरबत गुला. तोपर्यंत तिने स्वतःचा तो फोटो कधी पाहिलाही नव्हता. फोटो काढला तेव्हा आपल्याला राग आला होता, हे तिला आठवत होते. एक परका पुरुष समोर आला होता आणि त्याआधी तिचा फोटो कोणी काढला नव्हता. जगाने त्या डोळ्यांत युद्धाची भीती वाचली. तिला मात्र आठवत होता तो राग.

पुढे २०१६ मध्ये पाकिस्तानात ओळखपत्राच्या प्रकरणात तिला अटक झाली, अफगाणिस्तानात परत पाठवले गेले, आणि २०२१ मध्ये तिने इटलीत आश्रय घेतला. अटकेची बातमीही जगभर गेली ती त्या जुन्या फोटोमुळेच.

असेच अमेरिकेतही घडले होते. १९३६ च्या मंदीत डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात एका शेतमजूर आईचा फोटो काढला. ‘मायग्रंट मदर’ म्हणून तो अजरामर झाला. नाव तेव्हाही लिहिले गेले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी लोकांना कळले, आणि त्या फोटोचा आपल्याला काही फायदा झाला नाही अशी तिची तक्रार होती. गरीब माणसाचा चेहरा जगाचा होतो आणि नाव मागे राहते, मग धर्म कोणताही असो.

शरीअत, कायदा आणि इजाजत

फोटो काढणे जायज आहे का, हा प्रश्न आपल्या घरांत निघतोच. उलमांमध्ये याबाबत मतभेद आहेत. इजिप्तचे मुफ्ती शेख मोहम्मद बखीत अल-मुतीई यांनी गेल्या शतकाच्या पूर्वार्धात असे मांडले की, कॅमेरा नवी आकृती घडवत नाही, आहे त्या वस्तूचे प्रतिबिंब धरून ठेवतो, म्हणून हाताने काढलेल्या चित्राचा हुकूम त्याला लागत नाही. शेख युसूफ अल-करजावी यांनीही फोटोचा विषय आणि हेतू पाहून निर्णय घ्यावा असे म्हटले. दुसरीकडे बर्रे-सगीरच्या अनेक उलमांनी गरजेपुरताच फोटो जायज मानला. आपण ज्यांच्याकडून दीन शिकतो त्या आलिमांना विचारून चालावे. ज्याला मजुराचे हात, जुना वाडा, पावसातली गल्ली असेच विषय हवेत त्यालाही आयुष्य पुरणार नाही एवढे काम आहे.

इजाजतीबाबत मात्र मतभेदाला जागा कमी आहे. परक्याच्या घरात शिरण्याआधी सलाम करून परवानगी घ्या, असे सूरह नूर शिकवते. याच सूरहमध्ये आधी पुरुषांना आणि मग स्त्रियांना नजर नीची ठेवायला सांगितले आहे. कॅमेरा ही लांबवर पोचणारी नजरच आहे. दारातून आत दिसणाऱ्या अंगणाचा, खिडकीतल्या बाईचा, दवाखान्यातल्या रोग्याचा, कब्रस्तानात रडणाऱ्या मुलाचा फोटो हा घरात शिरण्याचाच प्रकार आहे.

कायद्याचेही थोडे माहीत असावे. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारा. पण पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल, उदाहरणार्थ लग्नाचे फोटो, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. तेव्हा आपल्या मुलीच्या निकाहचे फोटो स्टुडिओवाल्याने जाहिरातीत लावू नयेत असे वाटत असेल, तर ते आधीच लेखी ठरवावे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. आणि स्त्रीचे खासगी क्षण चोरून टिपणे हा तर तुरुंगवासाचा गुन्हा आहे, हे आपल्या मुलांना वयात येतानाच सांगितले पाहिजे.

रस्त्यावरची फोटोग्राफी करणारे यावर म्हणतात की, विचारले की सहजपणा जातो, माणूस ताठ उभा राहतो. हे खरे आहे. पण यावर त्यांच्यातल्याच जाणत्यांचा उपाय आहे. गर्दीचा मोठा देखावा असेल तर टिपावा. एका माणसाचा चेहरा हाच विषय असेल तर टिपल्यानंतर लगेच त्याच्याकडे जाऊन सलाम करावा, फोटो दाखवावा आणि नको म्हटले तर त्याच्यासमोर पुसून टाकावा. थोडा वेळ तिथेच बसून राहिले, चहा घेतला, की माणूस पुन्हा आपल्या कामाला लागतो आणि सहजपणा परत येतो. मुलांचा फोटो असेल तर आई-बापांना विचारल्याशिवाय नाही.

काढणाऱ्याचेही नाव

नाव फोटोतल्या माणसाचेच हरवते असे नाही. इजिप्तचे लष्करी अभियंते मोहम्मद सादिक बे यांनी १८६१ मध्ये मदिना मुनव्वराचे पहिले ज्ञात फोटो काढले आणि पुढे मक्का मुकर्रमाचेही. त्यांना १८८१ मध्ये व्हेनिसच्या भूगोल प्रदर्शनात सुवर्णपदक मिळाले. पण मक्केतलेच एक डॉक्टर, सय्यद अब्दुल गफ्फार, यांच्या वाट्याला वेगळे आले. त्यांनी काढलेले फोटो डच विद्वान स्नूक हुरखोन्ये यांनी १८८९ मध्ये प्रसिद्ध केले आणि डॉक्टरांचे नाव वगळले. त्यांना त्यांचे श्रेय मिळायला शंभर वर्षे लागली.

आपल्या देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला (१९१३-२०१२) मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी. त्यांचे सुरुवातीचे फोटो त्यांच्या पतीच्या नावावर छापले गेले. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. साडी नेसून, अवजड कॅमेरा घेऊन त्या पुरुषांच्या गर्दीत काम करत राहिल्या. ज्या घरांत मुलीला कॅमेऱ्याची आवड आहे, त्या घरांनी ही कहाणी तिला जरूर सांगावी. मुलगी कॅमेऱ्यामागे असली की आणखी एक गोष्ट साधते. घरातल्या, मोहल्ल्यातल्या बायका तिच्यासमोर मोकळ्या असतात, आणि काय दाखवायचे व काय नाही हे त्याच ठरवू शकतात.

तेव्हा दुसऱ्याचा फोटो पुढे पाठवताना काढणाऱ्याचे नाव पुसू नये. ती अमानत आहे.

घरातूनच सुरुवात

हे सगळे शिकायला मोहम्मद अली रोड गाठायची गरज नाही. सुटीत मुलांना एक काम द्यावे. दादी, नानी, फुफू किंवा शेजारच्या चाचांना आधी विचारून, खिडकीच्या उजेडात त्यांचा एक फोटो काढायचा. घरात बुजुर्गांना फोटो नको असेल तर त्यांच्या हातांचा, चष्म्याचा, तसबीहचा, शिलाई मशीनचा. एकच निवडायचा आणि छापून आणायचा. दहा-वीस रुपयांत छापून मिळतो. मागे पेन्सिलने नाव, जागा आणि तारीख लिहायची. मग रात्री जेवणानंतर सगळ्यांनी तो मधे ठेवून बघायचा. काय दिसते, काय आवडले, काय खटकले, काय करता येईल. मुलाने आधी गप्प राहून ऐकायचे, मग बोलायचे.

पहिल्या दिवशी मूल रुसेल. दुसऱ्या-तिसऱ्या फोटोला ते स्वतःच विचारू लागेल की, मागचा दरवाजा नको होता ना? शाळेत निबंधावरच्या लाल शाईने रडणारी मुले अशा बैठकीत हळूहळू टीका ऐकायला शिकतात, हे मी पाहिले आहे. आणि दुसऱ्याच्या कामावर बोलताना शब्द तोलायलाही शिकतात.

ज्या गावांत चार-पाच हौशी लोक असतील त्यांनी महिन्यातून एकदा बसावे. मशिदीजवळच्या वाचनालयात, कोणाच्या दुकानात, शाळेच्या वर्गात. मोहल्ल्याबाहेरच्या फोटोग्राफर मित्रांनाही बोलवावे. पुढच्या रमजानमध्ये ते कॅमेरा घेऊन येतील तेव्हा त्यांना धुरापलीकडचा मुनीम, पायरीवरचा विद्यार्थी आणि रांगेतली दादी कोण दाखवणार? ते आपल्यालाच करावे लागेल. आणि त्या दादींना आधी सलाम करून विचारायला मात्र विसरू नये.